आधी लगीन व्हिसाचे!

- विशेष प्रतिनिधी

पुण्याची एक चोवीस वर्षांची मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडला जाते. तेथे पंचवीस वर्षांच्या एका ब्रिटिश मुलाशी तिची ओळख होते आणि ओळखीचे रूपांतर प्रेमात होते. अभ्यासक्रम संपतो, पदवीनंतर मिळालेल्या व्हिसाची मुदतही संपत येते. लग्नाचे दोघांनी अद्याप काहीच ठरवलेले नाही. मुलीच्या घरी तर जेमतेम कुणकुण लागली आहे. पण आता निर्णय घ्यावाच लागणार असतो, आणि तो मनाच्या तयारीनुसार नव्हे, तर पासपोर्टावरच्या तारखेनुसार. हे जोडपे कल्पित आहे. त्यांच्यापुढचे नियम मात्र खरे आहेत. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने जगभर पसरलेल्या मराठी तरुणांकडे पाहिले, तर असे जोडपे आपल्या नात्यागोत्यात किंवा शेजारच्या इमारतीत सापडणे आता अवघड राहिलेले नाही.

बहुतेक देशांच्या कायद्यात पर्यटकाला जागा आहे, विद्यार्थ्याला आहे, कर्मचाऱ्याला आहे आणि विवाहित जोडीदारालाही आहे. 'आम्ही अजून एकमेकांना ओळखत आहोत' असे सांगणाऱ्या दोघांसाठी मात्र वेगळी जागा जवळपास कोठेच नाही. परिणामी अनेक तरुण जोडपी एरवी केले असते त्यापेक्षा लवकर लग्न करतात. आणि लग्न लवकर झाले, की तेच अधिकारी विचारतात, एवढी घाई कशासाठी? घाई करायला लावायची आणि घाईवरच संशय घ्यायचा, हा आजच्या व्हिसा व्यवस्थेतील मूळ पेच आहे.

दारे चार

परदेशी जोडीदाराबरोबर राहू पाहणाऱ्या तरुणापुढे ढोबळमानाने चार मार्ग असतात. पहिला मार्ग स्वतःच्या बळावरचा, म्हणजे शिक्षणाचा किंवा नोकरीचा व्हिसा. दुसरा, तरुणांसाठी दोन देशांतील कराराने मिळणारा ठराविक मुदतीचा व्हिसा. यात राहताही येते आणि कामही करता येते. तिसरा, वाग्दत्त वधू-वरांसाठीचा व्हिसा. चौथा, पती-पत्नी किंवा काही देशांत लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदाराचा व्हिसा.

यातील पहिले दोन मार्ग नात्याबद्दल काही विचारत नाहीत, म्हणून ते नात्याला वेळ देतात. शेवटचे दोन नात्याचा पुरावा मागतात. साहजिकच तरुणांना पहिले दोन मार्ग अधिक सोयीचे. पण भारतीय पासपोर्ट हातात असला, की नेमके तेच अरुंद होतात.

सोडतीतले नशीब

ब्रिटन आणि भारत यांच्यातील स्थलांतरविषयक कराराचे फलित म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत 'यंग प्रोफेशनल्स' योजना सुरू झाली. १८ ते ३० वयोगटातील पदवीधर भारतीयाला तीत दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहता येते. नोकरी आधी मिळालेली असण्याची अट नाही. २,५३० पौंडांची शिल्लक दाखवावी लागते. मात्र वर्षाला जागा आहेत जास्तीत जास्त तीन हजार आणि निवड होते ती सोडतीने. १४० कोटींच्या देशातील तरुणांसाठी या तीन हजार जागा आहेत.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्यानुसार १८ ते ३० वयाच्या भारतीयांना काम आणि भटकंतीसाठीच्या व्हिसाच्या वर्षाला एक हजार जागा मिळाल्या. २०२४ पासून त्यांचीही सोडत निघते. ब्रिटिश तरुणाला याच प्रकारच्या व्हिसासाठी वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. त्याच्यासाठी ना जागांची मर्यादा आहे, ना सोडत. म्हणजे पुण्याची मुलगी आणि तिचा ब्रिटिश मित्र यांनी एखादे वर्ष तिसऱ्याच देशात, मेलबर्नमध्ये, एकत्र काढायचे ठरवले, तर तो अर्ज करून निघू शकतो आणि तिला सोडतीत नाव निघण्याची वाट पाहावी लागते.

ऑस्ट्रेलियाने अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, नवीकरणीय ऊर्जा अशा क्षेत्रांतील तरुण भारतीय पदवीधरांसाठी तीन हजार जागांची आणखी एक योजना २०२४ च्या अखेरीस सुरू केली. तीही सोडतीचीच. या योजना स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. परंतु सोडतीवर संसार बेतता येत नाही.

पगार किती?

लग्न केले, की सारे सुरळीत होते, असा सर्वसाधारण समज आहे. ब्रिटनपुरता तरी तो खरा नाही. परदेशी जोडीदाराला आणू इच्छिणाऱ्या ब्रिटिश नागरिकाचे वार्षिक उत्पन्न किती हवे, याची अट २०१२ मध्ये १८,६०० पौंड ठरली होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती एकदम २९ हजार पौंड झाली. उत्पन्न नसेल, तर बचत चालते. पण ती ८८,५०० पौंडांची हवी आणि सहा महिने खात्यावर असायला हवी.

तरुणांच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ लावून पाहू. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या किमान वेतनाच्या दराने, म्हणजे तासाला १२.२१ पौंड या हिशेबाने, आठवड्याला साडेसदतीस तास काम करणारा एकवीस वर्षांवरील माणूस वर्षाला सुमारे २३,८०० पौंड मिळवतो. अठरा ते वीस वयाच्या मुलाचा किमान दर तेव्हा तासाला दहा पौंड होता. त्याचे होतात साडेएकोणीस हजार. म्हणजे पूर्णवेळ राबणारा, कोणाकडे हात न पसरणारा तरुणही या अटीत बसत नाही. पन्नाशीच्या, स्थिरस्थावर माणसाला जी अट जाणवतही नाही, ती नुकत्याच नोकरीला लागलेल्याला अडवते. शिवाय २०२५ च्या दरांनुसार व्हिसाचे शुल्क आणि आरोग्य अधिभार मिळून पहिल्या पावणेतीन वर्षांसाठीच पाच हजार पौंडांच्या आसपास खर्च येतो, तो वेगळा.

येथे एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्यास मोठे नुकसान होऊ शकते. अर्जदार ब्रिटनबाहेरून अर्ज करीत असेल, तर तिचा भारतातील पगार या हिशेबात धरला जात नाही. तीच मुलगी ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे नोकरी करीत असताना तेथूनच अर्ज करीत असेल, तर दोघांच्या उत्पन्नाची बेरीज चालते. पदवीनंतरच्या व्हिसावर असलेल्या मुलीने 'आधी घरी जाऊन येते, मग पाहू' असे म्हणून भारत गाठला, की जी अट दोघांनी मिळून सहज पूर्ण केली असती, ती एकट्या मुलाच्या गळ्यात पडते. हा पदवीनंतरचा व्हिसाही आता आखडत चालला आहे. त्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेक पदवीधरांसाठी अठरा महिन्यांवर येणार आहे, पीएच.डी. धारकांना तेवढी त्यातून सूट आहे.

नव्वद दिवसांत लग्न

अमेरिकेत लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला त्या नात्याच्या आधारे स्थायिक होण्याचा मार्गच नाही. आहे तो १९७० मध्ये सुरू झालेला 'के-१', म्हणजे वाग्दत्त वधू-वरांचा व्हिसा. त्याच्या अटी सरळ आहेत. अर्ज करणारा अमेरिकी नागरिक हवा. ग्रीन कार्डधारकाला हा मार्ग नाही. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघांची एकदा तरी प्रत्यक्ष भेट झालेली असावी. आणि अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून नव्वद दिवसांत लग्न व्हावे. न झाल्यास परत जावे. दुसऱ्या व्हिसात बदल करून घेण्याची सोय नाही. ज्या दोघांचे बरेचसे सहजीवन फोनच्या पडद्यावर झाले आहे, त्यांना एकत्र राहून एकमेकांना पारखायला मिळतात ते हे तीन महिने.

लग्न झाले तरी ते दोन वर्षांहून कमी जुने असेल, तर मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरते आणि सशर्त असते. बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये आलेला हा नियम. त्यामुळे नवऱ्याच्या सहीवर बायकोचे वास्तव्य अवलंबून राहते आणि छळ सोसत राहण्याची वेळ येते, हे लक्षात आल्यावर १९९४ च्या कायद्याने पीडित जोडीदाराला स्वतंत्रपणे अर्ज करण्याचा अधिकार दिला. परदेशी लग्न करून जाणाऱ्या प्रत्येक मुलीला ही तरतूद निघण्याआधीच माहीत हवी.

विवाहित जोडीदाराला आणणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये मुनोझ खटल्यात याचे उत्तर 'नाही' असे दिले. अमेरिकी पत्नीच्या एल साल्वाडोरच्या पतीला व्हिसा नाकारण्यात आला होता. विवाहाचा हक्क आहे; पण परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळालाच पाहिजे, असा घटनादत्त हक्क नागरिकाला नाही, असे न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने म्हटले.

वयाची चाळणी, भाषेची चाळणी

युरोपात प्रत्येक देशाची चाळणी वेगळी. जर्मन नागरिकाच्या पती वा पत्नीला उत्पन्नाची अट सहसा आडवी येत नाही. आडवी येते ती भाषा. २००७ पासून अर्जदाराला प्राथमिक, म्हणजे 'ए-१' पातळीची जर्मन भाषा यावी लागते. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आदी देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे. भारतीयांना सरसकट नाही. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणारे सगळेच अभियंते नसतात, त्याचे एक कारण हेही आहे. लग्नाविना राहणाऱ्या जोडीदाराला जर्मनी कुटुंब म्हणून व्हिसा देत नाही. नेदरलँड्स तो देते, पण दोघांचेही वय २१ पूर्ण हवे.

डेन्मार्कने तर २००२ मध्ये ही मर्यादा २४ वर्षांवर नेली. आपल्याच नागरिकाला आपल्याच देशात जोडीदारासह राहता येत नाही म्हटल्यावर अनेक डॅनिश तरुणांनी समोरच्या तीरावरचे स्वीडनमधील माल्मो शहर गाठले. युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या नियमांनुसार तेथे जोडीदारासह राहता येत होते. सकाळी पूल ओलांडून कोपनहेगनला कामावर जायचे आणि संध्याकाळी परतायचे. गंमत अशी, की लग्नाची कागदपत्रे सुटसुटीत असल्याने युरोपातील दोन देशांची जोडपी विवाहासाठी डेन्मार्कच्याच एरो बेटावर धाव घेतात. लग्न करा, पण राहायला दुसरीकडे जा!

अशा अटींमागे सरकारांची भूमिका काहीच नाही, असे नाही. जबरदस्तीचे विवाह रोखणे हे वयाच्या अटीचे जाहीर कारण आहे आणि अशी लग्ने होतात, हे नाकारता येणार नाही. परदेशस्थ नवऱ्याने लग्न करून सोडून दिलेल्या मुलींच्या तक्रारी आपल्यालाही नव्या नाहीत. भारताच्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी सर्वंकष कायदा सुचवला, तो याचसाठी. प्रश्न आहे तो उपाय आणि अपाय यांच्या प्रमाणाचा. ब्रिटनने नोव्हेंबर २००८ मध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठीचे वय १८ वरून २१ केले. चिलीचा एक तरुण आणि त्याची ब्रिटिश पत्नी यांना त्यामुळे देश सोडावा लागला. त्यांचे लग्न जबरदस्तीचे असल्याचा आरोप कोणीही केला नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच 'क्विला' खटल्यात त्यांच्या बाजूने कौल दिला. थोड्या जबरदस्तीच्या विवाहांना रोखण्यासाठी खुशीने झालेली कितीतरी लग्ने भरडली जात असल्याचे न्यायालयाने दाखवून दिले. वयोमर्यादा पुन्हा १८ वर आली.

संशयाची ही परंपरा जुनी आहे आणि तिची झळ भारतीयांना सर्वांत आधी लागली. लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय महिलेची, ती खरोखरच अविवाहित आहे काय हे पाहण्यासाठी, कौमार्य चाचणी करण्यात आल्याचे १९७९ मध्ये 'द गार्डियन'ने उघड केले. त्यावर गदारोळ झाला, प्रथा बंद झाली. पुढे १९८० च्या दशकात 'विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नाही' हे अर्जदारानेच सिद्ध करण्याचा नियम आला. भारतीय उपखंडातील असंख्य नवरदेव त्यात अडकले. १९९७ मध्ये तो रद्द झाला. आजचा अधिकारी बँकेची विवरणपत्रे, विमानाची तिकिटे आणि फोनवरील संभाषणांच्या नोंदी मागतो. पद्धत सभ्य झाली. सिद्ध करण्याचा भार अजूनही अर्जदारावरच आहे.

एकत्र राहिल्याचा पुरावा

ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड हे देश लग्नाच्या कागदावर अडून बसत नाहीत, ही त्यांची उदारता. मात्र त्याऐवजी ते एकत्र राहिल्याचा पुरावा मागतात. कॅनडात एक वर्षाचे सहवासी जीवन दाखवावे लागते. ऑस्ट्रेलियात नाते बारा महिन्यांचे असावे लागते. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत नात्याची नोंदणी केल्यास ही मुदत माफ होते. घरभाड्याचा संयुक्त करार, संयुक्त बँक खाते, दोघांच्या नावाने येणारी वीजबिले हे येथले पुरावे.

आता हे पुरावे भारतात राहणाऱ्या मुलीने आणायचे कोठून? लग्न न झालेल्या जोडप्याला घर भाड्याने मिळवताना आपल्या शहरांत काय ऐकून घ्यावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरीकडे, घरच्यांनी ठरवून झालेल्या लग्नात आधी एकत्र राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. न्यूझीलंडमध्ये २०१९ मध्ये नेमक्या याच कारणाने भारतीय वधू-वरांचे अर्ज फेटाळले जाऊ लागले. तेथील भारतीय समाजाने आवाज उठवला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने ठरवून झालेल्या विवाहांसाठी नियमात वाट करून दिली. एका समाजाची रीत हीच प्रेमाची व्याख्या मानली, की दुसऱ्या समाजाचे खरे नातेही खोटे ठरते, हा यातील धडा. कॅनडाने २००२ च्या कायद्यातच एकत्र राहणे वा लग्न करणे शक्य नसलेल्या जोडीदारांसाठी वेगळा वर्ग ठेवला आहे. ब्रिटनने २०२४ मध्ये अविवाहित जोडीदारांची प्रत्यक्ष दोन वर्षे एकत्र राहिल्याची अट सैल करून 'विवाहासारखे दोन वर्षांचे नाते' अशी केली. दिशा योग्य आहे; वेग मात्र मंद आहे.

आपल्या दारी काय?

परदेशी सरकारांना बोल लावताना आपले दारही तपासले पाहिजे. आपल्या कल्पित जोडप्याने उलट विचार केला आणि मुलानेच पुण्याला यायचे ठरवले, तर? पर्यटक व्हिसावर त्याला काम करता येणार नाही. नोकरीच्या व्हिसासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला सव्वासोळा लाखांचा पगार लागतो. खास पाककृती करणारे स्वयंपाकी, भाषाशिक्षक अशा मोजक्यांना सूट आहे. पंचवीस वर्षांच्या किती जणांना असा पगार मिळतो? अविवाहित जोडीदार या नात्याने व्हिसा देण्याची सोय आपल्याकडे नाही.

राहिले लग्न. विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवसांचे वास्तव्य हवे आणि त्यानंतर तीस दिवसांची नोटीस. परदेशात लग्न करायचे, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार भारतीय वकिलातीत ते करता येते. लग्नानंतर जोडीदाराला प्रवेश व्हिसा मिळू शकतो. विवाहाची नोंदणी होऊन दोन वर्षे लग्न टिकल्यावर 'ओसीआय' कार्डासाठी अर्ज करता येतो. भारतीय नागरिकत्वासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. समलिंगी जोडप्यांना तर हाही मार्ग नाही. अमेरिकेत २०१३ पासून त्यांना जोडीदाराचा व्हिसा मिळतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार देऊन निर्णय संसदेवर सोपवला.

हिशेब आधीच मांडावा

या चक्रव्यूहात शिरणाऱ्या तरुणांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्हिसाच्या अर्जात नाते लपवू नये. पुढे तेच नाते दाखवून अर्ज करण्याची वेळ आली, की आधीचे मौन खोटेपणा ठरते. पर्यटक म्हणून जाऊन लग्न करायचे आणि तेथेच राहायचे, हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. ब्रिटनमध्ये लग्नासाठीच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर लग्न करता येते, पण नंतर परतावेच लागते. अमेरिकेत असा मनसुबा दिसल्यास फसवणुकीचा ठपका बसू शकतो. भेटींची तिकिटे, एकत्र राहिल्याची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपावीत. एक व्हिसा संपण्याच्या किमान वर्षभर आधी पुढच्याचा हिशेब मांडावा. शक्य असेल तेथे स्वतःच्या शिक्षणाच्या वा नोकरीच्या व्हिसावर राहावे. नाते बिनसले, तरी पायाखालची जमीन आपली राहते. आणि आईवडिलांनी, नाते पसंत असो वा नसो, मुलांवर 'आता लग्न करा, नाही तर विसरा' असे दडपण आणण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे, की तेच दडपण त्यांच्यावर एका सरकारनेही आधीच आणलेले असते.

सरकारांनीही विचार करण्याजोगे बरेच आहे. भारताने गेल्या काही वर्षांत ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, इटली यांच्याशी स्थलांतर आणि संचाराचे करार केले. त्यांत कुशल कामगार आणि बेकायदा स्थलांतरितांची परतपाठवणी यांवर भर असतो. तरुणांच्या जागा हजार-तीन हजारांवर थांबतात. या जागा वाढवण्याचा आग्रह धरला पाहिजे आणि त्याबरोबर आपल्याकडे येऊ इच्छिणाऱ्या परदेशी तरुणासाठी पगाराची अटही शिथिल केली पाहिजे. वाटाघाटींत जो स्वतः दार उघडतो, त्याच्याच मागणीला वजन येते.

पुण्याची ती मुलगी आणि तिचा मित्र यांना कोणत्याही देशाचे नागरिकत्व लगेच नको आहे. त्यांना हवी आहेत दोन वर्षे, एका शहरात, दोघांनाही काम करण्याची मुभा असलेली. त्या दोन वर्षांनी कदाचित त्यांचे लग्न होईल, कदाचित होणारही नाही. तो निर्णय त्यांना शांतपणे घेता यावा, एवढीच तरतूद आजच्या कायद्यांत सापडत नाही.